रबरी टोपीखालची जागा

पांढुर्ण्याच्या बाजारगल्लीत दादाराव सोमकुवरचं दुकान म्हणजे एक ऐरण, एक हातड्रिल आणि बूड गेलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांचा ढीग. भांडं हातात आलं की तो आधी बोटाने वाजवून बघायचा. ठिगळ टिकणार नसेल तर गिऱ्हाईक कितीही गोड बोलो, भांडं परत. लोक त्याला आखडू म्हणत. होताच तो.

१९८६च्या उन्हाळ्यात बायकोचा, लीलाबाईचा, धाकटा भाऊ श्रावण मुंबईहून सुटीवर आला. जहाजांचे तळ तपासायला तो समुद्रात बुडी मारायचा. सोबत पाठीवर बांधायची हवेची जुनी टाकी होती, ॲल्युमिनियमची. सावरगावच्या भैय्याजींच्या खोल विहिरीत पंप पडला होता आणि तो काढून देतो, असा शब्द श्रावण चारचौघांत देऊन बसला होता. उद्या नागपूरला ओळखीच्या कारखान्यात टाकीत हवा दाबून भरायची, की विहिरीत उतरायचं.

"भाऊजी, हिचा पट्टा ढिला झाला. तेवढा कसून द्या," म्हणून तो टाकी ठेवून गेला.

दादारावने पट्टा कसला आणि सवयीने बुडाची रबरी टोपीही ओढून काढली. आत पांढरी भुकटी. खरवडली तर खाली खड्डे, एकात तर खिळ्याचं टोक गेलं. लोणचं ठेवलेल्या पातेल्यांत त्याने हेच आयुष्यभर पाहिलं होतं. टाकी रिकामी असल्याची त्याने खात्री केली, ड्रिल घेतलं आणि कोणाला न विचारता त्याच खड्ड्यातून आरपार भोक पाडलं. भैय्याजींसमोर मेहुण्याचं नाक कापलं जाणार, याचं त्याला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी श्रावणने भोक पाहिलं.

"हे काय करून बसले तुम्ही? रोज गोड्या पाण्यानं धुतो मी हिले."

"वरून धुतली. टोपीखालचं मीठ कोणं धुतलं? भरताना फुटली असती."

"मंग सांगाचं होतं. भोक कायले पाडलं?"

"सांगतलं असतं तर तू ऐकला असता?"

लीलाबाई चहा घेऊन आली. भावासमोर बसून तिने लुगडं जरा वर केलं. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी भाजून आकसलेली होती.

"लोणच्यानं खाल्लेलं पातेलं होतं," ती म्हणाली. "हे नाईच म्हणत होते. मीच म्हटलं, चालते अजून. मंग ठिगळ मारून देल्लं यायनं. उकळत्या वरणासकट बूड खाली आलं."

श्रावणने कप घेतला, पण प्यायला नाही.

"मुंबईले अशा चौदा टाक्या आहेत," तो म्हणाला. "एकीचीबी टोपी आमी कधी काढली नाई."