फेट्याएवढी जागा

“सीट बसाला नसते, बाय. मानसाला धरून ठेवाला असते,” असं हरेश एकदा सुमित्राबाईंना म्हणाला होता.

तेव्हा त्या हसल्या होत्या. बसायला नसते तर काय खांद्यावर घेऊन फिरायला असते, असं त्यांनी विचारलं होतं. हरेश हसला नव्हता. हातातली वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून तो परत गाडीत शिरला होता आणि आतून निळा उजेड सांडायला लागला होता.

हरेश त्यांचा धाकटा भाऊ. पावणे गावचा. ज्या खाचरात त्यांच्या बापानं भात लावला, तिथे पुढे रंगाचा कारखाना उभा राहिला आणि हरेश त्याच कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. ठिणग्या उडवताना तो पायाखाली बघायचा, म्हणे. कारखाना बंद पडला. मग त्यानं खिडक्यांच्या ग्रिल केल्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड केले, आणि शेवटी रेसच्या गाड्यांना लागला. रस्त्यावर धावते तीच साधी गाडी, आतून सोलून काढलेली. गाद्या नाहीत, मागची सीट नाही. छतालगत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि त्या पिंजऱ्यात एकच माणूस.

तो माणूस म्हणजे सुमित्राबाईंचा मुलगा शिवतेज.

हे काम चालायचं तो गाळा त्यांच्या नवऱ्याचा. देवजी शेजारच्या शिरवणे गावचे. सरकारनं घेतलेल्या शेतीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी इमारत उठवली, तिच्या पैशात पावण्याचा हा गाळा घेतला आणि मेव्हण्याला काम करायला दिला. देवजी वाईट नव्हते. फक्त जे आपलं आहे ते आपल्याला पाहिजे तसं वाकतं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

हरेशचा राग अख्ख्या गावाला ठाऊक होता. तो ओरडायचा, पाना आपटायचा, समोरच्याच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि थोड्या वेळानं त्यालाच चहा पाजायचा. त्या रागाला कोणी भीत नसे. सुमित्राबाई भ्यायच्या त्याच्या गप्प होण्याला. मागे नेरुळच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर तो ग्रिल बसवायला गेला होता. घरमालकीण म्हणाली, लांब बोल्ट नकोत, माझ्या टाइल्स फुटतील, छोटे स्क्रू लावा. घरात रांगतं मूल होतं. हरेश तिच्याशी भांडला, हात जोडले, परत भांडला. ती ऐकेना तेव्हा गप्प झाला, अख्खी ग्रिल खांद्यावर घेतली आणि जिना उतरून चालू पडला. ती ग्रिल अजून पावण्याच्या अंगणात उभी आहे. तिच्यावर घेवड्याचा वेल चढला आहे.

शिवतेजची सीट बसवली तेव्हा त्यानं भाच्याला अर्धा दिवस गाडीत बसवून ठेवलं होतं. रेसचे जाड कपडे, बूट, हेल्मेट, सगळं चढवून. पोरगा घामानं निथळला. “मामा, भाजी झाली माझी,” तो आतून म्हणाला. “भाजी झाली तरी चालेल, भरीत नाय झालं पायजे,” हरेश म्हणाला. पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा किती वाकतो, स्टिअरिंग धरल्यावर कोपर कसं राहतं, हेल्मेट आणि वरची नळी यांच्यात दोन बोटं जातात का, हे बघून झाल्यावरच त्यानं वेल्डिंग पेटवलं. दोन जाड चौकोनी नळ्या आडव्या टाकल्या. एक टोक दाराखालच्या उंबऱ्याला, दुसरं मधल्या उंचवट्याला. सीट त्या नळ्यांना. माणसाला बांधायच्या पट्ट्यांचे बोल्ट जिथे तळातून जातात तिथे खालून तळहाताएवढ्या जाड लोखंडी प्लेटा. सुमित्राबाईंनी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, “गाडीचा तळ म्हंजे पत्रा, बाय. पत्र्याचं काम पानी अडवाचं. मानूस अडवाचं नाय.”

मग शिवतेजचं लग्न ठरलं, आणि देवजींच्या मनात आलं की वरातीत नवरा रेसच्या गाडीत बसेल. घोडा काय, कोणीही आणतो.

हरेश नाही म्हणाला. ही मिरवायची वस्तू नाही, म्हणाला. देवजी म्हणाले, भाच्याच्या लग्नात मामानं तोंड वाकडं करू नये. भर मांडवात दोघांची जुंपली. हरेश अक्षता टाकून भांड्यांच्या टेम्पोत बसला आणि घरी गेला. वरात त्यानं बघितलीच नाही. पुढे बँजो, मागे ती लाल गाडी, तिच्यात फेटा बांधून ऐटीत बसलेला शिवतेज, आणि नवरी मागच्या मोठ्या गाडीत. शिरवण्यानं असली वरात पाहिली नव्हती.

त्यानंतर गाडी आच्छादनाखाली गेली ती आज सकाळीच बाहेर निघाली. रविवारी चेन्नईकडे रेस होती. गाळ्यासमोर ट्रेलर येऊन उभा होता. सुमित्राबाई ताट घेऊन आल्या होत्या, नारळ, हळदकुंकू, निरांजन, टायरखाली ठेवायला लिंबं. हरेश बॉनेटमध्ये डोकं घालून शेवटचे पाईप तपासत होता. वरातीवरून दोघा भावाबहिणीत अबोला नव्हता, पण मोकळेपणाही नव्हता. तो परत यावा म्हणून सुमित्राबाईंनी मोबाईल पुढे केला.

“तू वरातीला आला नाहीस. बघ तरी, कसा दिसत होता तुझा भाचा.”

हरेशनं हात पुसून फोटो बघितला. जरा हसलाही. मग त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला.

“फेटा नळीला लागला नाय?”

“कुठं लागतोय. वर चार बोटं जागा होती. मी आदल्या दिवशीच बजावलेलं ह्यांना, पोराचा फेटा वाकडा होता कामा नये.”

“हेल्मेट घातल्यावर दोन बोटं राहतात,” हरेश सावकाश म्हणाला. “फेटा हेल्मेटपेक्षा उंच. मग चार बोटं कुठनं आली?”

सुमित्राबाईंना प्रश्न कळला नाही. हरेशनं फोन त्यांच्या हातात दिला, गाडीचं दार उघडलं आणि तळाला अंथरलेली काळी रबरी मॅट ओढून बाहेर फेकली. नवऱ्याच्या मोजड्या मळू नयेत म्हणून अंथरलेली ती मॅट, लग्नानंतरही तशीच राहिली होती.

आडव्या नळ्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना कापल्याच्या खुणा होत्या, वर काळा रंग फासलेला. सीट उभी होती पाण्याच्या पाइपाच्या चार तुकड्यांवर, आणि त्यातून लांब बोल्ट सरळ पत्र्यात गेले होते. हरेश उताणा होऊन गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती.

“खाली रुपयाएवढे वॉशर,” तो म्हणाला. “दाजी, कोनी केलं हे?”

देवजी ट्रेलरवाल्याशी बोलत होते. ते आत आले, मॅटकडे बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाले, “तुर्भ्याचा पत्रेवाला. फेट्यासाठी सीट खाली घेतली, लग्नानंतर परत होती तेवढी वर केली. हाईट तीच हाय, मोजून बघ. उगाच टेन्शन घेऊ नको.”

“मला इचारलं का नाय?”

“इचारलं असतं तर हो बोलला असतास?”

“नाय.”

“मग?”

तिथून हरेश सुटला. त्यानं पत्रेवाल्याला शिव्या दिल्या, देवजींना दिल्या, बँजोवाल्यांना दिल्या. फेट्याचा तुरा सांभाळायला पोराच्या पाठीखालची जमीन कापली तुमी, म्हणाला. आपल्या खाचरासारखी कापली. पाना भिंतीवर आदळून सुमित्राबाईंच्या पायाशी येऊन पडला. ताटातलं निरांजन विझलं. सुमित्राबाईंना राग आला तो पान्याचा नव्हे. फेटा वाकडा होता कामा नये, हे वाक्य त्यांच्याच तोंडचं होतं आणि आता ते या गाळ्यात कुठेतरी लोंबत होतं.

“मामा,” शिवतेज मध्ये पडला, “मला वाटलं तुला माहीत असेल. ह्या वेळेला जाऊ दे. आल्यावर नीट करू. मी जपून चालवीन.”

“जपून? रेसमंदी जपून?” हरेश म्हणाला. “बस आत. पट्टे लाव.”

शिवतेज बसला. सगळे पट्टे करकचून आवळले. हरेश मागून पिंजऱ्यात शिरला, दोन्ही तळवे सीटच्या पाठीला लावले आणि एक हिसका दिला. टप्प असा आवाज आला. परत दिला, परत टप्प. रिकाम्या तेलाच्या डब्याचं बूड दाबल्यावर येतो तसा. सुमित्राबाईंनी तो आवाज आयुष्यभर स्वयंपाकघरात ऐकला होता. आता त्यांच्या मुलाच्या खालून येत होता.

“हा मी,” हरेश म्हणाला. “एक मानूस, दोन हात. तिथं भिंत असेल. सीट पत्रा फाडून पुढं येईल, कमरेचा पट्टा पोटात शिरेल. मना दोन दिस द्या, नळ्या परत टाकतो.”

“दोन दिवसांनी निघालो तर पोचेपर्यंत रेस संपलेली असेल,” देवजी म्हणाले. “गावातली पंधरा मानसं विमानाचं तिकीट काढून बसलीत. पत्रा म्हटला की वाजनारच. वॉशर मोठे टाकून घेऊ, तिकडं कोन भेटेल तो टाकेल.”

“दाजी, नाय.”

“हरेश, बस झालं आता. गाडी माझी, गाळा माझा, पोरगा माझा. तू नळ्या जोड, हिशेब नको शिकवू.”

हरेशनं तोंड उघडलं. मग मिटलं.

सुमित्राबाईंनी ते मिटलेलं तोंड बघितलं आणि त्यांना वेल चढलेली ती ग्रिल आठवली. शिवतेजला काही कळलं नाही. तो पट्टे सोडून उतरला आणि बापाकडे बघत राहिला. देवजी ट्रेलरवाल्याला फळ्या लावायला सांगत होते.

हरेशनं कोपऱ्यातला ग्राइंडर उचलला. चष्मा लावला. गाडीत वाकून त्यानं पहिल्या बोल्टला चाक भिडवलं तेव्हा गाळ्यातलं सगळं बोलणं त्या किंचाळीत बुडालं. देवजी धावत आले, पण ठिणग्या त्यांच्या नव्या शर्टापर्यंत येत होत्या. एक, दोन, तीन, चार. पाइपाचे तुकडे तळावर घरंगळले. हरेशनं ग्राइंडर बंद करून जागेवर ठेवला, पट्टे भोकांतून ओढून काढले आणि सीट दारातून बाहेर घेतली.

“अगो, दारात उभी हायेस ना,” देवजी ओरडले. “अडव त्याला.”

सुमित्राबाई दारातच होत्या. गाळ्याचं दार मोठं होतं, पण एका बाजूला ट्रेलर लागला होता, दुसऱ्या बाजूला त्या. मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. हरेश सीट खांद्यावर घेऊन समोर आला आणि थांबला. त्याच्या भुवयांवर लोखंडाची पूड होती. तो बहिणीकडे रागानं बघत नव्हता. विनवतही नव्हता. नुसता उभा होता.

सुमित्राबाईंनी ताटातला नारळ पदरात घेतला, ताट छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून बाजूला झाल्या.

सीटची कड त्यांच्या बांगड्यांना घासली. हरेश ट्रेलरला वळसा घालून रस्त्याला लागला, आणि शिवतेजनं “मामा” म्हणून मारलेली हाक पाठीवर घेऊन घराच्या दिशेनं निघून गेला.