दहाच्या फीडची बाटली

आमच्या हॉस्पिटलात अमानवीय किश्शांना तोटा नाही. लिफ्ट आपोआप तिसऱ्या मजल्यावर थांबते, रिकाम्या खोलीतली बेल वाजते... मी सगळ्यांना एकच सांगते — मेंटेनन्सला फोन लावा. एकोणीस वर्षं नवजात बाळांच्या आयसीयूत काढली आहेत. हाताखालच्या मुली पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. तेव्हा पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण कितीतरी दिवस पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

हॉस्पिटल छत्रपती संभाजीनगरातच, नाव सांगत नाही. आयसीयूला लागून आमची दुधाची बँक आहे. ज्या आयांना जास्तीचं दूध येतं त्या इथे देऊन जातात. ते अर्धा तास ठरावीक तापमानाला तापवून गोठवायचं, आणि ज्या बाळाला आईचं दूध मिळत नाही त्याला द्यायचं. तापवल्यावर प्रत्येक बॅचचा नमुना लॅबला जातो. जंतू नाहीत असा रिपोर्ट आला की बाटल्यांना हिरवी पट्टी, तोवर लाल. फ्रीजरमध्ये हिरव्या वरच्या कप्प्यात, लाल खालच्या. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

संगीता फुलंब्रीकडची. तिचा मुलगा सातव्या महिन्यातच झाला, अकरा दिवस आमच्याकडे होता, आणि गेला. दूध मात्र थांबेना. ते दान करशील का, हे तिला विचारायचं काम माझ्याकडे आलं. याहून अवघड काही मी कुणाला विचारलेलं नाही.

"पिणारा गेला, मग हे कशापायी येतंय, सिस्टर?" ती म्हणाली. मग स्वतःच, "घ्या. मोरीत पिळून टाकायला जीव व्हत नाय माझा."

त्याच आठवड्यात आयान दाखल झाला. जेमतेम किलोभर वजन. आई बाळंतपणात अत्यवस्थ होऊन व्हेंटिलेटरवर, आणि बिडकीनहून आलेली नानी दिवसभर काचेबाहेर बाकावर. बँकेचं दूध म्हटल्यावर नानीनं अडवलं. "किसका दूध है, मेरे कू मालूम होना. जिसका पिया वो माँ होती."

एरवी आम्ही चार-पाच जणींचं दूध एकत्र करतो, नावं सांगत नाही. पण नानी ऐकेना आणि बाळाला दूध तर हवं. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही घरांची लेखी संमती घेतली, आणि संगीताचं दूध वेगळं ठेवून फक्त आयानला द्यायचं ठरलं. संगीतानं त्याला काचेतून एकदा पाहिलं, आत आली नाही. पुढे तिचं दूध आटलं आणि ती गावी गेली. गोठवून ठेवलेलं तिचं शेवटचं दूध आम्ही नंतर तापवलं, नमुना लॅबला पाठवला.

तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या फीडला मी वरच्या कप्प्यातून आणलेली आयानची नवी बाटली उघडली, दोन मिली नळीतून दिलं, बाकीचं फ्रिजमध्ये ठेवलं.

पावणेबाराला संगीता दारात उभी. पदर छातीशी घट्ट धरलेला, ब्लाऊज दोन्ही बाजूंनी ओला, धाप लागलेली. काळीपिवळीतून उतरून ती पळत आली होती.

"सिस्टर, माझं दूध देऊ नका त्याला. नासलंय ते."

"अगं, बस आधी. पाणी पी. काय झालं?"

"दहा वाजता भाकरी थापत व्हते. एकदम पान्हा फुटला. तीन हप्ते झालं थेंब नव्हता... अन् नुसता पान्हा नाय, लई आग व्हतीय. जीव सांगतोय, हे पाजू नगं."

मी हसले. वाईट वाटतं, पण हसले. पान्हा असा परत येऊ शकतो, शेजारचं लेकरू रडलं तरी येतो, नुसत्या आठवणीनंही येतो — सगळं पुस्तकातलं तिला सांगितलं. ती मान हलवत राहिली. बाराच्या फीडची सिरिंज माझ्या हातात भरलेली होती आणि मला उशीर होत होता. म्हटलं, हिला एकदा लेबल दाखवावं म्हणजे घरी जाईल. फ्रिजमधली बाटली आणून तिच्यापुढे धरली.

"ही बघ, हिरवी पट्टी—"

पट्टी लाल होती.

आदल्या दिवशी फ्रीजर साफ करताना खालचा कप्पा वर लागला होता, आणि तो लावणारी मीच होते. पट्टीकडे न बघता सवयीनं हात वर गेला. लॅबला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "तुम्हालाच लावत होतो सिस्टर. त्या बॅचमध्ये जंतू वाढलेत, टाकून द्या."

दहाचं फीड तर पोटात गेलं होतं. मी डॉक्टरांना लगेच सांगितलं. फीड बंद, सलाईन, अँटिबायोटिक. संध्याकाळपर्यंत आयानचं पोट फुगलं. नानीलाही मीच जाऊन सांगितलं.

"गलती तुम्हारी है?" तिनं विचारलं.

"हो. माझी."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "अब दुआ करो," एवढंच म्हणाली आणि तसबीचे मणी ओढायला लागली. संगीता तिच्या शेजारी बसली ती तीन दिवस हलली नाही. दोघी एका डब्यात जेवायच्या.

चौथ्या दिवशी आयानचं पोट उतरलं. "बाराचं आणि दोनचंही गेलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

नानीला यात नवल वाटलं नाही. "माँ है ना वो उसकी. इसमें क्या समझना?" मी मात्र रोज समजून घ्यायला बघते. पान्हा समजतो. पण बरोबर दहा? फुलंब्रीत चुलीपुढे बसलेल्या बाईला फ्रीजरचे कप्पे कुणी सांगितले? योगायोग म्हणावं तर म्हणता येतं, पण मनाला पटत नाही.

आणि खरी टोचणी वेगळीच आहे. आयान घरी गेला त्या दिवशी संगीता मला जिन्यात भेटली.

"सिस्टर, एक विचारू? माझा सोन्या गेला तवा मी खाली कॅन्टीनात पोहे खात व्हते. मला कायच झालं नाय. पान्हा नाय, आग नाय. पोहे संपवून वर आले तर तुम्ही दारात उभ्या." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग ह्याचंच कसं कळलं मला?"

मी पुस्तकातलं पुन्हा सांगायला लागले, आणि मध्येच ते सोडून तिची पिशवी उचलली, तिच्याबरोबर जिना उतरले.