माहेरचं पाणी

लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्याला आले ते साल एक्याण्णव. गावच्याच शाळेत मी भूगोल शिकवायचे. माहेर वरच्या अंगाला, डोंगराच्या पट्टीत. आईच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा आणि आधार होता तो गावच्या वेळ नदीचा. आषाढात तिला गढूळ पाणी आलं की मी खण-नारळ घेऊन तिची ओटी भरायचे. हे पाणी आईच्या दारातल्या ओढ्यातून आलंय, या समजुतीनं हात बुडवून बराच वेळ बसायचे.

सासरे सोबत यायचे. तरुणपणी मेंढरांमागं त्यांनी तो सगळा मुलूख पायाखाली घातला होता. काठावर पिशवी धरून ते गुमान उभे राहायचे.

सातव्या वर्षी शाळेसाठी नदीच्या खोऱ्याचा मोठा नकाशा काढायला घेतला. एकेक ओढा निळ्या पेन्सिलीनं गिरवत वर गेले. माहेरचा ओढा घरापासून आमच्याकडेच निघायचा, पण खिंडीपाशी उत्तरेला वळून तो सरळ घोड नदीत उतरत होता. तीनदा गिरवून पाहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हसू यायला हवं होतं, आलं रडू.

सासरे ओट्यावर शेंगा फोडत होते. नकाशा पुढं धरला तर म्हणाले, "व्हय. त्यो वडा घोडनदीलाच जातो. मेंढरं पाजलीत की मी तितं."

"मामा, मग सात वर्षं बोलला का नाही?" मी चिडलेच.

"वटी भरून आलीस की त्या दिशी तू पोटभर जेवायचीस. म्हनून न्हाई बोललो."

राग कुठल्या कुठे गेला. पण पुढच्या आषाढात काठावर जाववेना. सासऱ्यांनी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी सकाळीच पटका बांधून, पिशवीत खण-नारळ घालून ते दारात उभे.

"चल, दौंडाला."

न्हावऱ्याला एसटी बदलून पोचलो. भीमा दुथडी वाहत होती. वेळ नदी तिला आमच्याकडेच मिळते आणि घोड दौंडाच्या थोडं अलीकडे. सासऱ्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

"आता ह्यात तुजं म्हायेरचं पानी कंचं आन् आमचं कंचं, सांग बगू, बाई."

मी ओटी भरली. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात एकटीनं दोन प्लेट मिसळ खाल्ली. सासरे चहा पीत नुसते बघत होते.