स्वयंपाकघर पाहिले नाही

"आडनाव काय म्हन्लं तुमचं?"

टेप माझ्या हातात होता. हॉल मोजून झाला होता, निजायच्या खोल्या झाल्या होत्या. आता स्वयंपाकघर. हळदीच्या व्यापाऱ्याचं घर, दारात त्याची आई उभी. तोवर 'या मॅडम, बसा मॅडम' चाललं होतं. मी आडनाव सांगितलं. म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं खाली पाहिलं.

"आत नका येऊ. तिथूनच घ्या माप."

"काहून हो काकू?"

"देव हाय आत."

बास. आवाजसुद्धा चढवला नाही तिनं. उंबऱ्याबाहेर उभं राहून स्वयंपाकघर मोजा म्हणे! सुनेनं पाण्याचा तांब्या आणला होता, तोही तसाच आत गेला.

मी पुरुष असते तर मनाची समजूत घातली असती. आत बायका आहेत, परक्या माणसाला कशाला घेतील. पण मी बाई. साहेबांनी मला कामावर ठेवलं तेच मुळी त्यासाठी. "घरातल्या बायका तुला थेट चुलीपर्यंत नेतील," असं म्हणाले होते. मग म्हातारीनं मला कशासाठी अडवलं? दुसरं कारणच उरत नव्हतं.

साहेब म्हणजे आमच्या गावातले नोंदणीकृत मूल्यांकक. घर गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढायचं, तर त्या घराची किंमत असा परवानाधारक माणूस लिहून देतो. हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती. जो तो बांधकाम काढून राहिला होता. मला तोच परवाना काढायचा होता. त्याला सिव्हिलची डिगरी लागते. ती होती माझ्याकडं, आमच्या बुद्धवाड्यातली पहिली. वर दहा वर्षांचा अनुभव लागतो. आणि तो अनुभव खरा आहे म्हणून लिहून देणारा माणूस लागतो. माझा तो माणूस म्हणजे साहेब. त्या दहातली अर्धी वर्षं मी त्यांच्याकडं काढली होती. त्यांचा दाखला मिळाला नाही, तर ती वर्षं पाण्यात.

ऑफिसात येऊन मी सगळं सांगितलं. साहेब हसले.

"अगं, आडनाव सांगायचंच कशाला? मॅडम म्हणून जायचं, मॅडम म्हणून यायचं. टाक अंदाजे माप. ओटा ग्रॅनाइटचा लिही, भिंती कोरड्या लिही."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. ह्यांना नवल कसं वाटलं नाही? म्हणजे माहीत होतं. मग एकेक आठवायला लागलं. "त्या घरी ऊन फार लागतं, तू राहू दे, मी जातो." "तिकडं कुत्रं आहे, तू नको जाऊ." मला वाटायचं, साहेब आपली तकलीफ वाचवून राहिले. घरी आईला कौतुकानं सांगायची मी. भोळी कुठली! साहेब माझ्या आडनावाकडं पाहून घरं वाटून देत होते. इतकी वर्षं. तोंडावर 'माझ्या लेकीसारखी' म्हणत.

मला रडू नाही आलं. संताप आला, आणि जास्त स्वतःचाच आला.

अहवालाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: जागा समक्ष पाहिली आहे. खाली साहेबांची सही. मी टाइप करायला बसले. स्वयंपाकघराच्या जागी लिहिलं: 'पाहिले नाही. आडनाव विचारून आत येऊ दिले नाही.' कागद साहेबांच्या समोर ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. "ही ओळ काढ."

"खोटं हाय का तिच्यात काही?"

"काढ म्हणतो ना. बँकेत हसं होईल माझं."

"मग मला आत घेऊन चला. तुमच्यासमोर मोजते."

साहेबांनी चष्मा परत घातला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "दाखला पाहिजे ना तुला? विचार कर."

ह्या मऊ आवाजाचीच मला भीती वाटत आली आहे. आरडाओरडा करणारा माणूस निदान समोर तरी असतो. मी म्हणाले, "न्हाई काढत." टेप टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघाले.

अण्णा, माझे वडील, एसटी डेपोत मेकॅनिक. रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत ऐकत होते. म्हणाले, "एक ओळच व्हती बाई. खोडायची व्हती. दाखला घेऊन मंग भांडायचं."

"मग परवान्यावर आडनाव कुणाचं टाकू, अण्णा?"

अण्णा हात पुसतच राहिले. माझ्याकडं पाहिलं नाही त्यांनी, जेवलेही नाहीत नीट.

दाखला नाही मिळाला. उलट साहेबांनी गावभर सांगितलं, ती पोरगी माझ्याकडं टायपिंगला होती. त्या घराचा अहवाल त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला, कर्जही मंजूर झालं. मी नांदेडला एका इंजिनिअरकडं पहिल्यापासून वर्षं मोजायला लागले. माझ्या बरोबरीची पोरं पाट्या लावून बसली, तेव्हा मी दुसऱ्यांच्या स्लॅबवर उन्हात उभी होते. ती वर्षं मला कुणी परत दिली नाहीत. मी माफही केलं नाही.

आता परवाना आहे. हिंगोलीत पाटी लावली आहे, वर आडनाव मोठ्या अक्षरात. कुणी फार गोड बोललं की मी अजूनही सावध होते. कितीतरी लोक पाटी वाचून पुढच्या ऑफिसात जातात, ते कळतं मला. जाऊ द्या. जो येईल, त्याचं घर चुलीपासून गच्चीपर्यंत मी पायाखाली घालून पाहीन. आणि दारात अडवलं, तर ज्या कागदावर त्याला कर्ज पाहिजे त्याच कागदावर लिहीन, आडनाव विचारून आत येऊ दिले नाही. खाली सही माझी राहील. खोडायला कोणी सांगून तर बघावं.