मागच्या वर्षीचा पंप

टण्ण!

पितळी घंटेवर लाकडी हातोडीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये क्लबची मीटिंग सुरू होत होती आणि माझा नोकरीचा पहिलाच दिवस होता. माझी शाळा चौथीत सुटली. शाळेतली एकच घंटा मला आवडायची, पाणीसुट्टीची. त्यामुळे आवाज झाल्याबरोबर मी किटली ठेवली आणि सगळ्यांना पाणी द्यायला लागलो. तिकडे राष्ट्रगीत सुरू झालं होतं! सगळे ताठ उभे, आणि मी प्रत्येकाच्या नाकासमोर ग्लास धरतोय!

त्याला खूप वर्षं झाली. खुर्च्या मांडायच्या, बॅनर बांधायचा, चहा द्यायचा, हेच माझं काम. सगळे मला नाना म्हणतात. चहाच्या पातेल्याला आतून थर धरतो ना, तसे इथले किस्से माझ्या मनात धरलेत. घासून जात नाहीत. क्लबातली माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. वाईट असती तर मला त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं.

*

आमच्या क्लबांचं मिळून एक मोठं फाउंडेशन आहे. देशोदेशीचे मेंबर त्यात देणगी देतात आणि समाजकार्यासाठी तिथूनच ग्रँट मागतात. त्यासाठी दर मीटिंगला आनंदाचा डबा फिरतो. ज्याच्याकडे चांगली बातमी असेल त्याने उभं राहून ती सांगायची आणि डब्यात नोट टाकायची. कोणाच्या मुलाला ॲडमिशन मिळालेली असते, कोणी नवी गाडी घेतलेली असते, कोणाची शुगर उतरलेली असते.

एकदा आमचे डॉक्टर उत्साहात उभे राहिले. "या आठवड्यात डेंग्यूची जोरदार साथ आहे. दवाखाना एकदम फुल!"

नोट टाकली. टाळ्याही पडल्या. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी कळलं आणि ते हळूच खाली बसले.

*

पेठ तालुक्यात, डोंगराच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर डोळे तपासणीचं शिबिर होतं. मी खुर्च्या घेऊन गेलो होतो. रांगेत सोनीबाई उभी होती. असेल माझ्याच वयाची. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "काय त्रास होतो, आजी?"

"डोळं बरं हाय, डागदर. समदं दिसतं. फकस्त पाणी दिसत नाय कुठं."

सगळे हसले, तीही हसली. पिंगळे सर तेवढे हसले नाहीत. सर म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर, क्लबातले सगळ्यात जुने मेंबर. ते तिच्या मागोमाग झऱ्यापर्यंत उतरून गेले. झरा खोल दरीत. उन्हाळ्यात वाटीने पाणी भरावं लागतं, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती उभी चढण चढायची. सर वर आले तेव्हा दम लागून खडकावरच बसले. त्यांच्या हातात तर हंडाही नव्हता.

*

सरांनी ग्रँटचं मनावर घेतलं. नियम असा, की परदेशातला एखादा क्लब जोडीला पाहिजे. मोठ्या पडद्यावर त्यांच्याशी बोलणं झालं. तिकडच्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पाऊस पडत नाही का?"

आमचे अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, "त्या डोंगरात तर धो धो पडतो!"

"मग त्यांना पाणी का नाही?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पिंगळे सर म्हणाले, "पाणी डोंगरावर पडतं आणि धरणातून शहरात येतं, मॅडम. आम्ही सगळे शहरात राहतो."

बाई म्हणाल्या, "ओह."

ग्रँट मंजूर झाली. सर काय बोलले ते मी नंतर त्यांच्याकडूनच मराठीत ऐकलं.

*

पाड्यावर बोअर घेतली, तिच्यावर उन्हावर चालणारा पंप बसला. निळी टाकी बांधली. उद्घाटनाचा बॅनर मी बांधला. त्यावर सगळ्या देणगीदारांचे फोटो, आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, फाउंडेशनचं चिन्ह. बॅनर असा लांबरुंद झाला, की फोटो पाठवल्यावर फाउंडेशनकडून अध्यक्षांना फोन आला, "प्रोजेक्ट छान आहे, पण टाकी कुठे आहे?"

"बॅनरच्या मागे आहे, सर!"

पण त्या दिवशी पाणी आलं, हे खरं. सोनीबाईने पहिला नळ सोडला. ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, मग आणखी एक ओंजळ, मग पायांवर ओतलं. पायांवर पाणी ओतताना तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी रागावतंय का म्हणून. पिंगळे सर चष्मा पुसत होते.

पुढच्या मीटिंगला त्यांनी आनंदाच्या डब्यात नोट टाकली. काय झालं ते सांगायला उभे राहिले, आणि "पाणी आलं" एवढंच सांगून बसले.

*

आमच्याकडे अध्यक्ष एका वर्षाचा. जुलैत नवा येतो, आणि त्याला स्वतःचं काम काढावं लागतं. पंप बंद पडला तो दुसऱ्या अध्यक्षांच्या काळात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. सोनीबाई एसटीने नाशिकला आली, विचारत विचारत हॉलवर पोचली. मीटिंग संपेपर्यंत ती माझ्याजवळ चहाच्या टेबलामागे बसून राहिली.

अध्यक्षांनी तिचं नीट ऐकून घेतलं. खुर्चीही दिली. "मावशी, तो मागच्या वर्षीचा पंप. यंदा आमचं शाळेचं आहे. आणि ग्रँट नव्या कामाला असते हो, दुरुस्तीला नसते."

तिने मान हलवली. कळल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

हॉल रिकामा झाला. टेबलावर अर्ध्याअर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या मोरीत ओतायच्या, हेही माझं काम. मी पहिली बाटली उलटी केली, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"नको वतू रं, दादा."

एकेक बाटलीचं झाकण तिने घट्ट लावलं. दोन पिशव्या भरल्या. एक मी घेतली आणि स्टँडपर्यंत पोचवली.

*

पुढच्या मीटिंगला आनंदाचा डबा फिरत सरांपाशी आला. सर उभे राहिले. "आनंदाची बातमी नाही. पाड्यावरचा पंप बंद आहे. या डब्यातून दुरुस्ती करू या का?"

डबा सांभाळणारे मेंबर नम्रपणे म्हणाले, "सर, हा डबा फाउंडेशनचा. यात टाकता येतं, काढता येत नाही!"

कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "आनंदाच्या वेळेला दुःख सांगितलं! सरांना दंड करा!"

काय हशा पिकला! कोणाच्या मनात वाईट नव्हतं. दंडाची तशी पद्धतच आहे. सरांनी खिशात हात घातला, दंडाची नोट डब्यात टाकली आणि बसले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मेकॅनिक घेऊन ते स्वतःच्या खर्चाने पाड्यावर जाऊन आले, हे मला मागाहून कळलं. मोटार जळली होती. नवीन मोटार त्यांच्या पेन्शनच्या आवाक्यातली नव्हती.

*

तिसरे अध्यक्ष आले आणि त्यांनी पाणी हा विषय घेतला. मला वाटलं, चला, सुटली सोनीबाई! पण दुरुस्तीला ग्रँट नाही, म्हणून काम नवं दिसायला पाहिजे. निळी टाकी हिरवी झाली. जुनी पाटी काढून नवी बसवली. नळ चकचकीत आले. पंप दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पुढच्या वर्षी. तोवर उद्घाटनाला पाणी पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी पेठहून टँकर आणून टाकी भरून घेतली. टँकर चढणीवर दोनदा अडकला. त्याला धक्का मारायला पाड्यावरचीच माणसं होती, आणि सोनीबाईही.

उद्घाटनाला प्रांतपाल आले होते. म्हणजे आमच्या सगळ्या क्लबांचे वरचे साहेब. मीटिंग तिथेच घ्यायची ठरली, म्हणून हॉलमधली घंटा मी मांडीवर घेऊन जीपमधून पाड्यावर नेली. मांडव घातला, बॅनर बांधला. पिंगळे सर आले होते, पण मांडवात बसले नाहीत. जांभळीखाली उभे राहिले.

साहेबांनी हातोडी उचलली.

टण्ण!

मागच्या वेळी सोनीबाईने नळ सोडला होता, म्हणून याही वेळी तिलाच पुढे बोलावलं. फुलांची माळ घातलेला पितळी हंडा क्लबने शहरातून आणला होता. तो नळाखाली ठेवला. तिने नळ सोडला. पाण्याची धार पडली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. हंडा भरत आला. साहेब प्रेमाने खाली वाकले आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"मग मावशी, आता झऱ्यावर जायचं बंद ना?"

तिने साहेबांकडे पाहिलं. वर टाकीकडे पाहिलं. नळ फिरवून घट्ट बंद केला, एक थेंब लोंबत होता तो बोटाने निपटला. भरलेला हंडा तसाच नळाखाली राहू दिला. मग मांडवाच्या कडेला ठेवलेला स्वतःचा पोचे पडलेला रिकामा हंडा उचलून कमरेवर घेतला आणि दरीच्या वाटेने खाली उतरत गेली.