काकूंची जपानमधली गौर

बाही ओढली गेली की समजावं, काकूंना काहीतरी दाखवायचंय. लीड्समध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या या निवृत्त डॉक्टरीणबाई बसमध्ये, दुकानात, अगदी फ्युनरललासुद्धा शेजारच्याची बाही ओढायच्या. "ते बघ, ते बघ!" तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच. नसेल तर तुमचं नुकसान आहे.

मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. "कन्सल्टंट म्हणाला, वर्षभरात समोरचं दिसणं जाईल," चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं. मी रडवेली झाले, तर माझीच बाही ओढून म्हणाल्या, "रडतेस काय? फ्लाइट्स बुक कर. दिसतंय तोवर तोमोनोउरा बघायचंय मला."

जपानमधलं हे जुनं बंदर त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. शिडाची जहाजं पूर्वी तिथे भरतीची वाट बघत थांबायची. मार्चच्या सुमारास लोक घरात पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावतात. "अगं, म्हणजे आपली चैत्रगौरच की!" काकूंनी निकाल देऊन टाकला होता.

गेलो! बसमधून उतरतोय तोच समोर समुद्र, दगडी दीपस्तंभ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, वाळत घातलेली मासळी. माझ्या बाहीची शिवण उसवली, पण तक्रार कोण करतंय? मीही काकूंच्या मागे गल्ल्यागल्ल्यांतून धावत होते.

एका घरातल्या आजीबाईंनी आम्हाला आत घेतलं. लाल कापडावर पायऱ्या, सगळ्यात वर राजा-राणी. काकूंनी अगदी जवळ जाऊन, मान तिरकी करून एकेक बाहुली पाहून घेतली. निघताना पर्समधून कुंकवाची कोयरी काढली. खरं तर हळदीकुंकू लावायचं यजमानिणीने.

"काकू, नको ना! त्यांना काय वाटेल?"

"गौर बघायची आणि तसंच उठायचं? शहाणीच आहेस!"

आणि लावलंसुद्धा. मी जीव मुठीत धरून उभी. आजीबाईंनी आरशात पाहिलं, तोंडावर हात ठेवून खूप हसल्या, आणि काकूंची बाही धरून त्यांना थेट खिडकीशी ओढत नेलं. खाली ऊन पडलेला सगळा समुद्र होता.

काकूंनी मान तिरकी करून तो पाहून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यासारखीच आहे गं ही." मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

पुढच्या हिवाळ्यात समोरचं दिसणं गेलं आणि लेक त्यांना लंडनमधल्या हॅरोला घेऊन गेली. शेजारी आता दुसरे लोक राहतात. यंदा मी पहिल्यांदाच पायऱ्या करून गौर मांडली आणि काकूंना व्हिडिओ कॉल लावला.

"फोन सरळ धर गं!" काकू ओरडल्या. "वरची पायरी येत नसेल त्यात."

मी फोन दोन्ही हातांनी सरळ धरला आणि वरच्या पायरीपासून एकेक सांगायला लागले.