पायाळूचा पाय

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. आमच्या येडगावात कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय तीनदा लावून घेतात. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या स्वयंपाकापेक्षा माझ्या पायालाच जास्त मान. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी टोमॅटो तोडताना धाकट्या जावेच्या पाठीत कळ आली. ती बांधावर पालथी पडली आणि म्हणाली, "ताई, जरा जोरात द्या." खरं तर पाय नुसता टेकवायचा असतो, पण मी चांगल्या तीन लाथा ठेवून दिल्या. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही पाय लुळे पडले, लघवीही अडली. दिरांनी गाडी काढली आणि तिला तडक पुण्याला नेलं.

तिथं एमआरआय झाला. मणक्यात गाठ निघाली, कुणाच्या ध्यानीमनी नसलेली. त्या गाठीत रक्तस्राव होऊन मज्जारज्जू दाबला गेला होता. लगेच ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालेल का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. मला अन्न गोड लागेना. हे माझ्याच पायानं झालं, एवढंच डोक्यात.

चौथ्या दिवशी मी पुण्याला गेले आणि तिच्या डॉक्टरबाईंना गाठून सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "अशा गाठीत आपोआपही रक्तस्राव होतो. लाथेनं झाला की नाही, हे सांगता येणार नाही. तुम्ही वेळेत आणलंत, हे मात्र बरं झालं. पुन्हा कुणाच्या पाठीला पाय लावू नका." अर्धा दिलासा, अर्धी चपराक. दोन्ही पदरात घेऊन मी जावेच्या खाटेशी गेले आणि रडत माफी मागितली.

ती म्हणाली, "ताई, आठ दिस पायाला मुंग्या येत व्हत्या. मीच बोलले न्हाई. तोडा चालू व्हता ना."

मला असा राग आला! आजारी माणसाला बोलू नये, पण मी बोलले. मी थांबले तशी ती म्हणाली,

"झालं? आता पांघरूण सारा जरा."

सारलं. तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. सकाळपासून हलत होता म्हणे. आधी मलाच दाखवायचं म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.